वन-वे तिकिटावर परदेशात जाताना

परतीचं तिकीट न काढता परदेशात जाता येतं का? येतं. मुंबईच्या विमानतळावरून रोज रात्री अशी कितीतरी माणसं निघतात. बोस्टनला एमएस करायला निघालेला मुलगा, आयर्लंडमध्ये नोकरी लागलेली नर्स, सिंगापूरला जाऊन जहाजावर चढणारा रत्नागिरीचा खलाशी. यांच्यापैकी कुणाकडेच परतीचं तिकीट नसतं आणि ते त्यांना सहसा कुणी मागतही नाही. त्याच रांगेत बालीला फिरायला निघालेल्या, 'परतीचं तिथूनच काढू' म्हणणाऱ्या दोघी मैत्रिणी मात्र काउंटरवर अडतात. विमान सुटायला दोन तास उरलेले, मोबाईलवर तिकीट शोधायची धांदल, आणि समोरचा कर्मचारी शांतपणे सांगतो, 'मॅडम, रिटर्न दाखवल्याशिवाय बोर्डिंग पास देता येणार नाही.'

देशात घ्यायचं की नाही हे त्या देशाचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो, अशी आपली समजूत असते. कायद्यानं ते खरंही आहे. पण पहिला निकाल लागतो तो आपल्याच विमानतळावर, विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर. निकाल देणारा माणूस सरकारी नोकरही नसतो, तरी त्याच्या 'नाही'वर तिथल्या तिथे अपील नाही.

त्याला हा अधिकार मिळाला तो विमान कंपनीच्या खिशाला लागणाऱ्या चाटेमुळे. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचा पाया म्हणजे १९४४चा शिकागो करार. त्याच्या नवव्या परिशिष्टात म्हटलं आहे की ज्या प्रवाशाला प्रवेश नाकारला जाईल, त्याला ज्या विमान कंपनीनं आणलं तिनंच परत न्यायचं. शिवाय योग्य पासपोर्ट-व्हिसा नसलेला माणूस आणला तर दंड वेगळा. ब्रिटनच्या १९९९च्या कायद्यात तो माणशी २००० पौंड ठेवला आहे. युरोपीय संघाच्या २००१च्या निर्देशानुसार सदस्य देशांनी किमान दंड ३००० युरोंच्या खाली ठेवायचा नाही, किंवा कमाल दंड तरी ५००० युरोंच्या खाली नको. भारतानंही २००० साली असाच कायदा करून दर प्रवाशामागे एक लाख रुपये दंड ठरवला होता. २०२५च्या नव्या इमिग्रेशन कायद्यानं त्याची जागा घेतली.

हे दंड मुख्यतः पासपोर्ट आणि व्हिसातल्या त्रुटींसाठी असतात. परतीचं तिकीट नाही म्हणून सगळीकडे दंड बसतोच असं नाही. पण ते नसल्यामुळे प्रवाशाला आत घेतलं नाही, तर परत आणायची जबाबदारी कंपनीच्याच गळ्यात पडते. परतीचं तिकीट आधीच काढलेलं असेल तर निदान तो खर्च वसूल झालेला असतो. काउंटरवरचा माणूस तुमच्यावर संशय घेत नसतो, कंपनीचं नुकसान टाळत असतो. हे लक्षात घेतलं तर त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही हेही पटतं.

ही कल्पना विमानांच्याही आधीची आहे. अमेरिकेनं १८९१च्या कायद्यात आगबोट कंपन्यांवर हेच ओझं टाकलं होतं: बंदरात नाकारलेला माणूस स्वखर्चानं परत न्या. तेव्हापासून कंपन्या युरोपातल्या बंदरांवरच प्रवासी तपासून घ्यायला लागल्या. सरहद्द अमेरिकेची, चाळणी मात्र हॅम्बुर्गमध्ये.

तिकिटाचाच अडसर करून माणसं रोखल्याचं सर्वांत कडू उदाहरण आपल्याकडच्या लोकांचं आहे. कॅनडानं १९०८ साली नियम केला की मायदेशातून थेट, सलग प्रवासाच्या तिकिटावर येईल त्यालाच प्रवेश. भारतातून कॅनडाला थेट जाणारी बोटसेवा तेव्हा उरलेलीच नव्हती. म्हणजे नियमात कुठल्या देशाचं नाव न घेता भारतीयांना दार बंद. गुरदित सिंग यांनी भाड्यानं घेतलेली 'कोमागाटा मारू' ही बोट हाँगकाँगहून निघाली आणि वाटेतल्या बंदरांवर आणखी प्रवासी घेत ३७६ जणांसह २३ मे १९१४ला व्हँकूवरला पोचली. दोन महिने ती बंदरात उभी राहिली. जेमतेम दोन डझन लोकांना उतरू दिलं आणि २३ जुलैला उरलेल्यांना घेऊन बोट परत फिरवली गेली. आजचे नियम इतके उघड भेदभावाचे नाहीत, पण तिकिटाच्या अटीमागे नेहमी निव्वळ व्यवस्थेची काळजीच असते असं मानायचं कारण नाही.

आता काउंटरवर नेमकं काय होतं ते पाहू. तुमचा पासपोर्ट स्कॅन झाला की कर्मचारी 'टिमॅटिक' नावाच्या माहितीसाठ्यात बघतो. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा १९६०च्या दशकापासून हा साठा चालवते. कोणत्या देशाचा पासपोर्ट, कोणता व्हिसा, कुठे जायचंय, वाटेत कुठे उतरायचंय, किती दिवस राहायचंय हे घातलं की त्या देशाच्या अटी समोर येतात. त्यात 'परतीचं किंवा पुढचं तिकीट आवश्यक' अशी ओळ असेल तर तिकीट मागितलं जातं. नसेल तर सहसा मागत नाहीत. ही माहिती प्रवाशालाही बघता येते: आयाटाच्या संकेतस्थळावर आणि काही विमान कंपन्यांच्या पानांवरही. फेसबुकच्या ग्रुपवर 'मला तर कुणी विचारलं नाही' असं कुणी लिहिलं असेल त्यापेक्षा ही एक ओळ कितीतरी मोलाची आहे. लिहिणाऱ्याचा पासपोर्ट, व्हिसा आणि त्या दिवशीचा कर्मचारी, तिन्ही वेगळे असू शकतात.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो व्हिसाच्या प्रकारानं. जिथे राहायलाच चाललात, तिथे परतीचं तिकीट मागणं विसंगत ठरेल. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे एफ-१ व्हिसा आणि विद्यापीठाचा आय-२० हा कागद असतो. तो बघितला की प्रश्न मिटतो. फक्त अभ्यासक्रम सुरू व्हायच्या ३० दिवसांपेक्षा आधी त्याला देशात शिरता येत नाही, तेव्हा स्वस्त मिळालं म्हणून जुलैच्या सुरुवातीचं तिकीट काढून ठेवण्याआधी आय-२०वरची तारीख बघावी. कामाचा व्हिसा, जोडीदाराचा व्हिसा, कायम वास्तव्याचा परवाना यांनाही हाच न्याय. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला गोव्याचा माणूस लिस्बनला एकेरी तिकिटावर गेला तर त्याला विचारणार काय? कायद्याच्या दृष्टीनं तो घरी चाललाय.

खलाशांची गोष्ट तर खासच. जहाज रॉटरडॅमला लागलंय आणि तिथे रुजू व्हायचंय, तर विमानाचं तिकीट एकेरीच असणार, कारण पुढचा प्रवास समुद्रातून. परतीच्या तिकिटाऐवजी त्यांच्याकडे कागदांची एक थप्पी असते: सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी ओळख-पुस्तक, कंपनीचं जॉइनिंग लेटर, जहाज कुठल्या बंदरात कधी येणार याची माहिती देणारं तिथल्या एजंटचं पत्र, आणि काही ठिकाणी विमान कंपनीच्या नोंदीत चढवावी लागणारी 'ओके टू बोर्ड' ही खूण. यातलं एक पत्र राहिलं तर अनुभवी बोसनही (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) मुंबईतच अडकतो. गोवा आणि कोकणातल्या घरांना हे नव्यानं सांगायला नको.

पाहुणा म्हणून जाणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं, आणि देशागणिक निराळं.

अमेरिकेपासून सुरू करू, कारण मराठी घरांतून तिथे जाणाऱ्या आईबाबांची संख्या मोठी. बी-१/बी-२ व्हिसावर जाणाऱ्या भारतीय पाहुण्याकडे परतीचं तिकीट असलंच पाहिजे अशी कायद्यात अट नाही. गंमत म्हणजे ब्रिटिश पासपोर्ट असलेली त्यांचीच पुतणी व्हिसाशिवाय, नुसत्या एस्टा परवान्यावर अमेरिकेला गेली, तर तिला परतीचं किंवा पुढचं तिकीट कायद्यानंच लागतं. तेवढ्यावरून आईबाबांना एकेरी तिकिटावर पाठवणं मात्र शहाणपणाचं नाही. अमेरिकेच्या कायद्यातलं कलम २१४(बी) सांगतं की बाहेरून येणारा माणूस कायमचा राहायलाच आलाय असं गृहीत धरा. तसं नाही हे त्यानं पटवून द्यायचं. परतीचं तिकीट हा त्याचा पुरावा नव्हे, पण ते नसलं की प्रश्न वाढतात. मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या, इंग्रजीत चाचरणाऱ्या आईला शिकागोच्या इमिग्रेशनच्या खिडकीत चार प्रश्न जास्त का विचारायला लावायचे? परतीची तारीख पक्की नसेल तर तारीख बदलता येईल असं परतीचं तिकीट काढावं. मोठ्या विमान कंपन्यांवर जाण्याचं एकेरी तिकीट कधी कधी येण्याजाण्याच्या तिकिटाच्या इतकं जवळ जातं की वाचणारे पैसे नगण्य असतात.

आणखी एक गोंधळ इथेच सोडवू. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्काम दहा वर्षांचा नसतो. अमेरिकेत उतरल्यावर आय-९४ या नोंदीत जी तारीख पडते, सहसा सहा महिन्यांची, ती खरी. परतीचं तिकीट त्या तारखेच्या आतलं पाहिजे.

एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या शेंगेन देशांत व्हिसाच्या अर्जाबरोबरच येण्याजाण्याचं आरक्षण मागतात, त्यामुळे हा प्रश्न वकिलातीतच हाताळला जातो. सीमेवरचा अधिकारी पुन्हा विचारू शकतो: कशासाठी आलात, कुठे राहणार, राहण्यापुरते आणि परतण्यापुरते पैसे आहेत का. न्यूझीलंडची पद्धत मला सगळ्यात सरळ वाटते. तिथे पाहुण्यानं एक तर पुढचं तिकीट दाखवायचं, नाहीतर ते विकत घेण्याइतके पैसे. शिवाय राहण्याच्या खर्चासाठी दरमहा १००० न्यूझीलंड डॉलर, किंवा राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर ४००. तुम्ही निघून जाऊ शकता ना, एवढंच त्यांना हवंय.

आग्नेय आशियात काटेकोरपणा जास्त आहे, आणि व्हिसा सोपे झाल्यामुळे आपले लोक अडकतात तेही तिथेच. इंडोनेशियाचा विमानतळावर मिळणारा व्हिसा, मलेशियाचा व्हिसामुक्त प्रवेश, फिलिपिन्सनं २०२५मध्ये भारतीयांना दिलेली १४ दिवसांची सवलत, या सगळ्यांत बाहेर पडण्याचं तिकीट अपेक्षित असतं. आधी व्हिसासाठी वकिलातीत कागद तपासले जायचे. आता तो टप्पाच नाही, म्हणून तपासणी सरकत सरकत विमानतळाच्या काउंटरवर आली. व्हिसा लागत नाही म्हणजे कागदच लागत नाहीत, असं समजू नका. मालदीवचंही तसंच: पर्यटकाचा व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं. नेपाळचा विषयच नाही. भारतीयाला तिथे व्हिसा नको आणि रस्त्यानं गेलात तर विमानाचं तिकीटही नको.

मग 'बाहेर पडण्याचं तिकीट' म्हणजे नक्की काय? ते भारतात परतणारंच हवं असं बहुतेक देश म्हणत नाहीत. बँकॉकला उतरून पुढे क्वालालंपूरला जाणार असाल तर ते तिकीट चालतं. फक्त मलेशियात शिरायची तुमची सोय असली पाहिजे, कारण चौकस कर्मचारी तेही विचारतो. परतीचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या पीएनआरचं असलं तरी हरकत नाही. मात्र ते काउंटरवरच्या संगणकात आपोआप दिसत नाही, छापील प्रत जवळ ठेवायची. बस किंवा रेल्वेचं तिकीट हा धूसर प्रांत आहे. काही कर्मचारी मानतात, बरेच मानत नाहीत, आणि रात्री दोन वाजता त्यावर वाद घालायची कुणाची तयारी नसते.

तारखेची चूक फार जण करतात. मुक्काम ३० दिवसांचा मंजूर आणि तिकीट ३१व्या दिवसाचं, तर ते तिकीट असून नसल्यासारखं. इंडोनेशियात आल्याचा दिवसही मोजतात. एकदा मुदत वाढवून घेता येते हे खरं, पण काउंटरवरचा माणूस न घेतलेली मुदतवाढ धरत नाही.

आणि आता डमी तिकिटं. 'सातशे रुपयांत ऑनवर्ड तिकीट' अशा जाहिराती सगळ्यांनीच पाहिल्या असतील. यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावानं विकल्या जातात. एका प्रकारात एजंट खरोखर आरक्षण करतो, त्याला पीएनआर असतो, ते विमान कंपनीच्या संकेतस्थळावर दिसतं आणि पैसे न भरल्यानं एक-दोन दिवसांत आपोआप रद्द होतं. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला असं आरक्षण जोडणं सर्रास चालतं. व्हिसा मिळायच्या आधी पूर्ण तिकीट विकत घेऊ नका, असा सल्ला वकिलातीही देतात, म्हणजे यात लपवाछपवी नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र नुसती पीडीएफ असते, जुन्या तिकिटावर नाव आणि तारीख बदललेली. ही सरळ बनावट कागदपत्रं आहेत.

पहिल्या प्रकाराचं आरक्षणही चेक-इनच्या वेळी दाखवणं मला पटत नाही. व्हिसाच्या अर्जात ते 'आरक्षण' म्हणूनच दिलेलं असतं. काउंटरवर तेच 'तिकीट' म्हणून पुढे केलं जातं. आरक्षण असलं तरी तिकीट क्रमांक निघालेला नसतो, हे जाणता कर्मचारी एका नजरेत ओळखतो. आणि इमिग्रेशन अधिकाऱ्यापुढे खोटा कागद ठेवलात तर प्रकरण तिकिटापुरतं राहत नाही. कॅनडात खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं बंदी येते, ब्रिटनमध्ये फसवणुकीसाठी ती दहा वर्षांपर्यंत जाते, आणि अमेरिकेत अशी नोंद जन्मभर पाठ सोडत नाही. सातशे रुपयांच्या कागदासाठी ही किंमत कोण मोजतं?

खरे मार्गही आहेत की. पूर्ण परतावा मिळणारं तिकीट काढायचं आणि पोचल्यावर रद्द करायचं. पैसे परत यायला दिवस लागतात एवढंच. किंवा बजेट विमान कंपनीचं शेजारच्या देशाचं स्वस्तातलं तिकीट घ्यायचं आणि वापरलं नाही तर ते पैसे प्रवासखर्चात धरायचे. उलटा उद्योग मात्र करू नका: स्वस्त पडतं म्हणून येण्याजाण्याचं तिकीट काढून जाण्याचा टप्पा सोडून द्यायचा आणि फक्त परतीचा वापरायचा. पहिल्या टप्प्याला हजर राहिला नाहीत की पुढचे सगळे टप्पे सहसा रद्द होतात.

विमान कंपनीनं सोडलं तरी परदेशाच्या आधी आणखी एक दार असतं, ते आपल्याच सरकारचं. ज्यांची दहावी झालेली नाही अशा बहुतेकांचे पासपोर्ट 'ईसीआर' म्हणजे 'इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' प्रकारात येतात. ते नोकरीसाठी आखाती देश, मलेशिया वगैरे ठरलेल्या १८ देशांत निघाले तर १९८३च्या स्थलांतर कायद्यानुसार परवानगी लागते, ई-मायग्रेट प्रणालीतून. नोकरीसाठी नव्हे तर फिरायला किंवा नातेवाइकांकडे जात असतील तर २००७पासून अशी परवानगी लागत नाही, पण वैध व्हिसा आणि परतीचं तिकीट दाखवावं लागतं. म्हणजे परतीचं तिकीट इथे परका देश मागत नाही, भारत मागतो. टुरिस्ट व्हिसावर दुबईला नेऊन तिथे कामाला लावणारे एजंट हे त्यामागचं कारण. पदवीधराला जो प्रश्न नुसता त्रासदायक वाटतो, तो अशा माणसाला कधी कधी वाचवतोही. 'तिकडे गेल्यावर व्हिसा बदलून देतो' म्हणत एजंटनं एकेरी तिकीट हातात ठेवलं, तर ते घेऊन विमानतळावर जाण्याआधी मुंबईतल्या स्थलांतरितांच्या संरक्षक कार्यालयात चौकशी करावी. रीतसर परवानगीनं जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजनेचं दहा लाखांचं संरक्षणही मिळतं. टुरिस्ट व्हिसावर गेलेला त्याला मुकतो.

शेवटी पलीकडचा अधिकारी. तो तिकिटापेक्षा तुमच्या उत्तरांतला मेळ बघतो. दहा दिवस फिरायला आलो म्हणायचं आणि बॅगेत पदवीची प्रमाणपत्रं नि बायोडेटाच्या दहा प्रती असायच्या, तर परतीचं तिकीट दाखवूनही उपयोग नाही. उलट तिकीट एकेरी असलं तरी 'इथून व्हिएतनामला जाणार, तारीख नक्की नाही, हा व्हिसा, हे बँकेचं स्टेटमेंट, सुट्टीचं हे पत्र' असं सलग सांगता आलं तर गोष्ट तिथेच संपू शकते. कुणाकडे राहणार त्याचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून ठेवावा. उतरल्यावर मोबाईल चालेलच याचा भरवसा नसतो.

समजा, नाकारलंच. तुम्हाला वेगळ्या खोलीत बसवतात, लेखी कारण देतात आणि ज्या कंपनीनं आणलं तिच्याच पुढच्या विमानात बसवतात. बऱ्याचदा पासपोर्ट तुमच्या हाती न देता विमानातल्या कर्मचाऱ्यांकडे सोपवला जातो. परतीचं भाडं कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकते. तिकीट काढताना मान्य केलेल्या अटींत ते लिहिलेलं असतं. प्रवेश नाकारणं आणि हद्दपारी या कायद्याच्या दृष्टीनं वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नुसत्या नकारानं पुढची दारं कायमची बंद होत नाहीत. पण यापुढे अनेक देशांच्या व्हिसाच्या अर्जात 'तुम्हाला कधी प्रवेश नाकारला गेला आहे का' या रकान्यात 'हो' लिहावं लागतं. तिथे मिळालेलं लेखी कारण म्हणूनच जपून ठेवायचं, आणि पुढच्या अर्जाला त्याची प्रत जोडून काय बदललं ते चार ओळींत लिहायचं.